देवनागरी टेक्स्ट फॉन्ट एका सेमिस्टरमध्ये होतो का?

काना_मात्रा:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात बी.डेस. (डिझाईनची पदवी) करतेय, शेवटचं वर्ष, आणि डिग्री प्रोजेक्टला देवनागरी टाईपफेस करायचा असं डोक्यात घेतलंय. पुस्तकात वापरता येईल असा टेक्स्टचा, मथळ्यांसाठीचा डिस्प्ले नको. गाईड म्हणतात आधी रोमन (इंग्रजीची अक्षरं) काढ, मग त्यावरून देवनागरी बसवता येतं, एक सीनियर म्हणतो वर्षभर बोरू (तिरक्या टोकाची लेखणी) घासल्याशिवाय फॉन्टला हातच लावू नकोस, आणि यूट्यूबवर बघावं तर सगळं ए-बी-सी-डीवरच. त्यात माझा लॅपटॉप विंडोजचा, जो तो ग्लिफ्स हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर घे म्हणतो आणि ते तर फक्त मॅकवर चालतं. अ ते ज्ञ स्केचबुकात काढून झालेत, सुटी अक्षरं बरी दिसतात पण स्कॅन करून शब्द जुळवला की काहीतरी बिनसतंय आणि नक्की काय ते सापडत नाही. जानेवारी ते मे एवढाच वेळ आहे. सुरुवात कुठून करू?

बोरूबहाद्दर:
बिनसणारच, कारण तू वर्णमाला काढलीस, फॉन्ट नाही. अ, ई, छ, ह, ळ हे सगळे एकांडे शिलेदार, त्यांच्यापासून दुसऱ्या अक्षरांना फारसं काही मिळत नाही, आणि सुरुवातीलाच त्यांच्यावर महिना घातला तर मे उजाडेल. प, न, त, म, क, र, व, स घे आणि काना, दोन्ही वेलांट्या, मात्रा. बस. एवढ्यात कविता, करवत, सामान, किनारा, वारसा असे ढीगभर शब्द होतात, ते रोज प्रिंट काढून बघ. काना किती जाड, व चं पोट किती मोठं, म ची गाठ उघडी की भरलेली, शिरोरेषा काना एवढी जाड की थोडी बारीक, हे सगळे निर्णय इथेच होतात, मग ब, ष, भ, ग वगैरे यांच्यातूनच निघतात.

आणि शब्दात जे खटकतंय ते बहुतेक स्पेसिंग. आपल्याकडे शिरोरेषा जोडलेली असते म्हणून लोकांना वाटतं अक्षरं चिकटवली की झालं, पण खाली न चा काना आणि व चं पोट यांच्यात किती पांढरं राहतं ते बघायचं असतं. र आणि त च्या डावीकडे आधीच मोकळं असतं, तिथे जागा कमी ठेवावी लागते. शिरोरेषा मात्र अक्षराच्या रुंदीच्या दोन्ही बाजूंना किंचित बाहेर काढ, नाहीतर स्क्रीनवर जोडावर बारीक फट दिसते.

रोमनवरून देवनागरी काढू नकोस. बोरूची काप रोमन निबच्या उलट तिरकी असते, त्यामुळे जाड-बारीक कुठे येणार हेच बदलतं. रोमनचे स्ट्रोक उचलून लावलेले फॉन्ट बघितलेत ना, अक्षर वाचता येतं पण कुणीतरी परक्याने लिहिल्यासारखं वाटतं. गाईडना हे शांतपणे दाखव, दोन प्रिंट शेजारी ठेवून. वाद घालू नकोस, मार्क त्यांच्या हातात आहेत 😅

फुकट_सॉफ्टवेअर:
विंडोजवर फॉन्टफोर्ज चालतं, फुकट आहे, दिसायला जुनाट आहे पण काम होतं. फॉन्ट्रा ब्राउझरमध्ये उघडतं, तेही ओपन सोर्स. फॉन्टलॅब दोन्हीकडे चालतं पण पैसे पडतात. इलस्ट्रेटरमध्ये पूर्ण अक्षरं काढून पेस्ट करायचा मोह टाळ, नको तिथे पॉइंट येतात आणि मग साफ करत बसावं लागतं.

अजून एक, 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर (कुणीही वापरा, बदला असा परवाना) आहे, त्याची सोर्स फाईल गिटहबवर मिळते. ती उघडून नुसती बघ. पहिली वेलांटी एकच नसते, रुंदीप्रमाणे बऱ्याच असतात, कारण 'कि' वरची कमान 'स्थि' ला पुरत नाही, आणि कुठली कधी लागणार हे फॉन्टमधल्या ओपनटाईपच्या कोडमध्ये (अक्षर कधी कुठलं रूप घेणार याचे नियम) लिहिलेलं असतं. अर्धी अक्षरं, रफार, रकार सगळं तिथेच. हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

आणि इनडिझाईनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) टेस्ट करताना वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग चालू कर, नाहीतर जोडाक्षरं फुटतील आणि तू उगाच फॉन्टला दोष देशील.

डीटीपी_काका:
बाळा, आयुष्य डीटीपीत गेलं म्हणून सांगतो. ज्युरीला मोठ्ठं पोस्टर आवडतं, त्यात एकच 'अ' हातभर उंच, सगळे वा वा करतात. टेक्स्ट फॉन्ट करायचा म्हणतेस तर ११ पॉइंटात साध्या मॅपलिथो कागदावर पानभर मजकूर छाप आणि चष्मा न लावता बघायला मला बोलव. गाठी बुजतात, भ आणि म एकच दिसायला लागतात.

मराठीचे शब्द टाकून बघ, हिंदीचे नमुने पुरत नाहीत. कुऱ्हाड, दुसऱ्या (हा अर्धा ऱ नसेल तर दऱ्यांचा दर्या होतो), डोळ्यांना, विठ्ठल, उद्ध्वस्त, राष्ट्र, आणि सर्वांना, कारण तिथे काना, रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या उरावर बसतात. ल आणि श मराठी वळणाचे पाहिजेत. टिरो या फॉन्ट कंपनीचा देवनागरी फॉन्ट मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळा मिळतो तो उगाच नाही. लायब्ररीत बापूराव नाईकांचे टायपोग्राफी ऑफ देवनागरीचे तीन खंड शोध, भाषा संचालनालयाने १९७१ साली काढलेले, इंग्रजीत आहेत पण छापखान्यातल्या जुन्या खिळ्यांचे नमुने बघण्यासारखे. बाहेर फिरताना अक्षररचनाकार कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची नावं बघत जा, फॉन्ट नव्हे ते, पण नजर तयार होते.

नेहा_अक्षर:
बोरू वर्षभर घासायची अजिबात गरज नाही, हे सीनियर लोक घाबरवतात. दोन पेन्सिली रबरबँडने बांध, टोकं तिरकी धर आणि लिही, स्ट्रोक कुठे जाड कुठे बारीक ते डोळ्यासमोर येतं. पंधरा-वीस दिवस रोज एक पान केलंस तरी खूप. मी सुलेखनात कायम कच्चीच होते आणि आता हेच काम करते.

बोरूबहाद्दर:
@नेहा_अक्षर थोडा असहमत, पेन्सिलीत दाब आणि शाई कळत नाही. पण पाच महिन्यांत तेवढंच शक्य आहे हे खरं.

काना_मात्रा:
सगळ्यांचे खूप आभार 🙏 म्हणजे एवढ्या वेळात फक्त रेग्युलर, बोल्ड (ठळक) नाही. आणि रोमनचं काय करू, पुस्तकात मध्येच इंग्रजी शब्द येतोच की.

फुकट_सॉफ्टवेअर:
ओपन लायसन्सचं एखादं रोमन घेऊन जोड, क्रेडिट दे, आणि तुझा फॉन्टही त्याच लायसन्सवर काढ. फक्त उंची जुळव, शिरोरेषा साधारण रोमनच्या स्मॉल आणि कॅपिटलच्या मध्ये कुठेतरी येते.

डीटीपी_काका:
आणि आकडे विसरू नकोस. १ ते ९ सगळ्यात शेवटी घाईत काढतात आणि मग अनुक्रमणिका बघवत नाही.