‘वळिवडे ते वॉर्सा’ला आपण पैसे का द्यायचे?

पंचगंगेकाठी (धागाकर्ता)

गेले चार दिवस तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच क्यूआर कोड फिरतोय. कोल्हापूरचा एक तरुण १० जुलै ते २३ ऑगस्ट असे ४५ दिवस युरोपला निघालाय. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या वळिवड्याला पोलिश निर्वासित राहिले होते, त्या नात्याला ‘उजाळा’ द्यायचा, तिथल्या शाळांत लेझीम शिकवायची, पुरणपोळी खिलवायची आणि ‘दोन संस्कृतींमध्ये सेतू बांधायचा’. मागणी ४,२०,००० रुपयांची. तिकीट ७५,०००, व्हिसा-विमा १८,०००, राहणं-खाणं १,८०,०००, तिथला प्रवास ६०,०००, कार्यक्रमाचं साहित्य २२,००० आणि ‘इतर’ ६५,०००.

ज्या कामासाठी जायचं त्याला २२ हजार आणि ‘इतर’ला ६५? दिवसांची वाटणी पाहा: पोलंड १२, चेकिया १३, जर्मनी २०. वळिवड्याचा बर्लिनशी काय संबंध? वर पोस्टरवर फोटो जामसाहेबांचा, म्हणजे नवानगरच्या महाराजांचा. जामसाहेबांची छावणी बालाचडीची, जामनगरजवळ, आणि ती मुलांची. वळिवड्याची वेगळी, १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ज्याला आपल्या गावाशेजारची छावणी आणि गुजरातेतली छावणी यांत फरक कळत नाही, त्याने सेतू बांधू नये. साधी पाटी लावावी, ‘मला युरोप बघायचाय, मदत करा’. मी शंभर रुपये देईन.

रंकाळ्यावरचा

काय राव, फोटो चुकला म्हणून पोराला फाशी? वर्गणी काढून परदेशी जाणं ही आपली जुनी रीत आहे. विवेकानंद १८९३ साली शिकागोला गेले तेव्हा त्यांचे शिष्य अळसिंगा पेरुमाळ मद्रासेत दारोदार फिरले होते. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्या पथकासाठीही देशभर निधी जमवला होता. तेव्हा कुणी ‘इतर’चा रकाना तपासत बसलं नव्हतं.

पंचगंगेकाठी

बसायला हवं होतं. विवेकानंद ३१ मेला मुंबईहून निघाले आणि जुलै संपता संपता शिकागोला पोचले. परिषद ११ सप्टेंबरला. मधले आठवडे शिकागोच्या दरात परवडेनात म्हणून ते बोस्टनकडे गेले. जमलेले पैसे भाड्याला पुरले, मुक्कामाला नाही. तारीख न विचारता तिकीट काढलं की असं होतं. आणि कोटणीसांचा दाखला इथे देऊ नका. तिकडून डॉक्टर मागितले होते म्हणून डॉक्टर गेले. लेझीम कुणी मागितलीय?

वाकडी_वाट

पैशाचा मुद्दाच चुकीचा. शांतियात्री सतीश कुमार आणि मेनन १९६२ साली दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंत गेले, अण्वस्त्रांविरुद्ध. विनोबांनी त्यांना खिशात दमडी ठेवू नका असं सांगितलं होतं. पैसे असले की माणूस हॉटेल गाठतो, नसले की कुणाचं तरी दार वाजवतो. संस्कृती दाराआड असते. राहण्या-खाण्याला १,८०,००० मागणारा लोकांना भेटणारच नाही. सर्वाससारखी संघटना १९४९ पासून याच कारणासाठी घरात फुकट उतरवते.

हिशेबतपासनीस

विनोबांचा सल्ला आज पाळला तर व्हिसाच्या खिडकीवरूनच परत याल. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाला, ‘खिशात दमडी नाही’ हे नकाराचं कारण आहे, पात्रता नव्हे.

आता करांचं बघा, कारण यावर कुणीच बोलत नाहीये. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेले पैसे ५०,०००च्या वर गेले की ५०,००० वजा करून उरलेले नव्हे, सगळेच्या सगळे करपात्र. म्हणजे ४९,९००वर थांबला तर काही नाही, ५०,१०० झाले की सगळं उत्पन्न. आणि कायद्यातले नातेवाईक म्हणजे जेवणावळीतले नव्हेत. मामा, काका, आत्या, मावशी चालतात. चुलतभाऊ, मामेबहीण चालत नाहीत. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी ८०जीची पावती व्यक्तीला देताच येत नाही, आणि एखाद्या ट्रस्टच्या नावाने जमवले तर ट्रस्टला भारताबाहेर खर्च करायला कर मंडळाची मंजुरी लागते. बहुतेक ट्रस्टांकडे ती नसते.

रंकाळ्यावरचा

मग त्याने लग्न करावं. आहेर करमुक्त असतो.

सनदी_चष्मा

हिशेबतपासनीस, अर्धवट सांगून लोकांना घाबरवू नका. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी, आहे. पोराचा पगार आणि हे ४,२०,००० मिळून त्याच्या आत असेल तर कर शून्य.

हिशेबतपासनीस

शून्य, मान्य. पण विवरणपत्रात ‘इतर स्रोत’मध्ये दाखवायचं असतं. हे क्यूआर लावणारे किती जण दाखवतात?

सनदी_चष्मा

ते तुमचं नेहमीचं रडगाणं. खरा धोका वेगळाच आहे आणि तो तुमच्या नजरेतून सुटला. पोस्टच्या शेवटी ‘अमेरिकेतल्या मराठी बांधवांनीही हातभार लावावा’ असं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तोच माणूस अमेरिकन नागरिक झाला की, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, परदेशी स्रोत. आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, फक्त संस्थांना लागतो हा गैरसमज आहे. ठरावीक सांस्कृतिक, शैक्षणिक, सामाजिक कार्यक्रम असलेली ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, आणि व्यक्तीत एकटा माणूसही येतो. गंमत बघा, ‘मला फिरायचंय’ असं लिहिलं असतं तर निदान हा प्रश्न आला नसता. ‘सांस्कृतिक सेतू’ लिहून पोरगं स्वतःच्या पायाने त्या व्याख्येत जाऊन बसलं.

रंकाळ्यावरचा

म्हणजे ह्यूस्टनच्या काकूंचे पंचवीस डॉलर आले की सीबीआय? जरा पाणी प्या.

सनदी_चष्मा

सख्खी बहीण असती तर अडचण नव्हती, नातेवाईकाला सूट आहे. पण या कायद्याच्या व्याख्येत काकू येत नाहीत, सख्ख्या असल्या तरी; त्या अमेरिकन नागरिक असतील तर पैसे परत पाठवा. नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घ्यायचेच नाहीत, आणि नोंदणी केली तर खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडावं लागतं, २०२०च्या दुरुस्तीपासून. तुमच्या चेष्टेने कलम बदलत नाही.

हिशेबतपासनीस

बरोबर आहे. हे माझ्याकडून राहिलं होतं. घ्या.

आता बँक स्टेटमेंट. ४,२०,००० पाचशे-पाचशेने आले तर ८४० जमा नोंदी. नुसते यूपीआय संदर्भ क्रमांक, पानामागून पान. व्हिसा अधिकारी त्यात पगार शोधणार कुठे? वर महिन्याभरात शिल्लक २०,०००वरून चार लाखांवर गेलेली. उसने आणून दाखवल्याचा संशय इथेच येतो. वर्गणीचं खातं पूर्ण वेगळं ठेवा. पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट स्वच्छ द्या आणि वर्गणीच्या खात्याला जोडून एक पानाचा खुलासा द्या: आवाहन कधी केलं, किती जणांनी दिलं, कशासाठी. जमवाजमव अर्जाच्या तीन महिने आधी संपवा. अर्ज सहा महिने आधी करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, विमा किमान ३०,००० युरोंचा.

आणि वीस दिवस जर्मनीत असतील तर अर्ज जर्मनीकडे, पोलंडकडे नाही. वळिवड्याचं पत्र जर्मन वकिलातीच्या टेबलावर!

सनदी_चष्मा

नियमात ‘मुक्काम किंवा हेतू’ आहे. हेतू पोलंड असेल तर पोलंडकडेही करता येतो.

पंचगंगेकाठी

बारा दिवसांचा हेतू आणि वीस दिवसांची मजा. समजावा अधिकाऱ्याला.

भाषिक_भटका

तुम्ही सगळे पैशात अडकलात. तारखा कुणी वाचल्या का? १० जुलै ते २३ ऑगस्ट. पोलंडच्या शाळा जूनच्या अखेरीस बंद होतात त्या १ सप्टेंबरला उघडतात. चेकियात जुलै-ऑगस्ट पूर्ण सुट्टी. लेझीम कुणाला शिकवणार, शिपायाला?

समजा शाळा उघडी आहे. पोलंडमध्ये २०२४ पासून मुलांबरोबर काम करणाऱ्याला, मग तो बिनपगारी का असेना, गुन्हा नोंद नसल्याचा दाखला द्यावा लागतो, परदेशी माणसाने आपल्या देशाचाही. म्हणजे पासपोर्ट कार्यालयातून पीसीसी, ५०० रुपये फी, वर त्याचं पोलिश भाषांतर. अंदाजपत्रकात हा खर्च कुठेच नाही. ‘इतर’मध्ये असेल तर तसं लिहा.

आणि निमंत्रण म्हणजे ‘या बरं का’ असा ईमेल नव्हे. पक्कं निमंत्रण हवं तर पोलिश यजमान ते तिथल्या वोयेवोदाच्या (प्रांतप्रमुखाच्या) कार्यालयात नोंदवून घेतो आणि खर्चाची हमी स्वतः घेतो. तसं एक जरी हाती असतं तर राहण्या-खाण्याचे १,८०,००० निम्म्यावर आले असते.

रंकाळ्यावरचा

तारखांचं खरं आहे. ती चूक मोठी आहे. पण सप्टेंबरात गेला तर तुमचा विरोध संपतो का? की मग दुसरं काहीतरी काढाल?

पंचगंगेकाठी

दुसरं तयारच आहे. वळिवड्याची बरीच माणसं १९४८नंतर पोलंडला परतलीच नाहीत. तिथे साम्यवादी राजवट आली होती. पुष्कळ जण इंग्लंडला गेले, काही त्याहून लांब. भारतातल्या छावण्यांत राहून गेलेल्या पोलिशांनी लंडनमध्ये संघटना काढली होती. १९४३ साली पाच वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीला टेकलंय. त्यांना भेटायचं तर आधी पत्र लिहा, उत्तर येऊ द्या, मग इंग्लंडचा वेगळा व्हिसा काढा. वॉर्साला काय आहे? स्मारक आहे. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४मध्ये तिथे फुलं वाहिली, तेव्हाच पोलंडच्या २० तरुणांना दरवर्षी भारतात आणायची योजनाही जाहीर झाली. ती मुलं कोल्हापुरात येतील तेव्हा त्यांना छावणीची जागा, म्हणजे आपल्या शेजारचं गांधीनगर, दाखवायला कुणी तयार आहे का? छावणीच्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहिले. आपण तिथे साडी आणायला जातो आणि येतो. एक साधा फलक लावायला २२ हजार पुरतील.

बेळगावी_कुंदा

फलक लावा, पण पुरणपोळीचं कुणी बोलेल का? तूप आणि पेढे बॅगेत घालू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावरच टाकून द्यावे लागतात. तुपाऐवजी तिथल्या दुकानात ‘मास्वो क्लारोवाने’ मागा, तेच आहे. सुकं खोबरं तर इथूनच विमानात चढत नाही, तेलामुळे पेट घेणारा माल धरतात. आख्खा नारळ मात्र युरोपला चालतो, बिनदाखल्याच्या पाच फळांत तो आहे. कढीपत्ता फायटोसॅनिटरी (वनस्पती रोगमुक्त असल्याच्या) दाखल्याशिवाय नाही.

तीस मुलांसाठी १ किलो डाळ आणि १ किलो गूळ. पीठ ‘टाइप ५००’चं घ्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ भिजवा. तवा लोखंडी न्या. बऱ्याच घरांत इंडक्शन असतं, हिंडालियमचा तवा त्यावर तापतच नाही.

रंकाळ्यावरचा

खोलगट लोखंडी तवाही नीट तापत नाही, मधेच तापतो आणि पोळी कडेला कच्ची राहते. सपाट न्यावा.

बेळगावी_कुंदा

सपाटच म्हणत होते. आणि गूळ कोल्हापुरीच, तो न्यायला अडकाठी नाही. पण पिवळाधमक नको, काळपट घ्या. पिवळ्याला पावडर मारलेली असते.

पंचगंगेकाठी

काळपट गुळाचं पुरण काळं पडतं. पोलिश पोरं हात लावायची नाहीत.

बाकी, त्याने तारखा सप्टेंबरात नेल्या, बर्लिन काढलं आणि ‘इतर’ फोडून लिहिलं तर शंभराचे पाचशे करीन. त्या वेगळ्या खात्यात. क्यूआरवर नाही.

रंकाळ्यावरचा

घ्या, आठशेचाळिसातले पहिले सापडले. गूळ पिवळाच न्यायचा का मग?

बेळगावी_कुंदा

काळपट! वर लिहिलंय ना.