लहान कुत्र्याला ड्राय फूडवरून कच्च्या आहारावर आणताना प्रमाण कसं धरायचं?

चाफा

माझी पॉमेरेनियन मादी, वय ५ वर्षं, वजन ४ किलो, नसबंदी झालेली. सध्या दोन वेळा मिळून दिवसाला ७० ग्रॅम ड्राय फूड खाते. पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी लिहिलेल्या आहेत. वजन स्थिर, शी घट्ट, रक्ततपासणी नॉर्मल. स्वादुपिंडाचा किंवा यकृताचा त्रास कधी झालेला नाही.

आता तिला कच्च्या आहारावर न्यायचं आहे. ८०-१०-१० चं सूत्र माहीत आहे: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव आणि त्यात निम्मी कलेजी. रोजचं प्रमाण शरीराच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, म्हणजे ८० ते १२० ग्रॅम. एवढंसं तिला पुरेल का? एक दिवस उपाशी ठेवून थेट सुरुवात करावी की हळूहळू? कोंबडीची मान अख्खी द्यावी की दळून? आणि हाड अजिबात नको असेल तर कॅल्शियमचं काय?

घरात दोन वर्षांचं मूल आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

रानवारा

टक्केवारी बाजूला ठेवा, कॅलरी धरा. चरबी काढलेलं कोंबडीच्या छातीचं कच्चं मांस १०० ग्रॅमला साधारण १२० कॅलरी देतं, तर २० टक्के चरबीचा लाल मांसाचा खिमा २५० च्या आसपास. दोन्ही '१०० ग्रॅम'च, पण पहिल्यावर ती वाळत जाईल आणि दुसऱ्यावर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका. या खिम्यातलं पाणी वजा केलं तर उरलेल्या ऐवजात निम्म्याहून जास्त चरबी असते. लहान जातींत हा आजार तसाही जास्त दिसतो, म्हणून सुरुवातीला तरी चरबीचं मांस नकोच.

तुमच्याकडे सूत्रापेक्षा चांगला आकडा आहे. ७० ग्रॅम ड्राय फूड म्हणजे २५९ कॅलरी, आणि त्यावर तिचं वजन टिकून आहे. म्हणजे तिची गरज २६० कॅलरी. (वजनाच्या पाऊण घाताला ७० ने गुणायचं, हे विश्रांतीच्या ऊर्जेचं सूत्र ४ किलोला १९८ देतं. त्याच्या १.३ पट म्हणजे तुमचाच आकडा.) बऱ्यापैकी कमी चरबीचं मिश्रण १०० ग्रॅमला १५० कॅलरी धरलं तर रोज १७० ग्रॅमच्या आसपास लागेल. शरीराच्या ४ टक्क्यांहून जास्त होतं, पण लहान कुत्र्यांत तसंच असतं. शरीर जितकं लहान तितकी किलोमागे ऊर्जा जास्त लागते.

उपाशी ठेवू नका. इतक्या लहान कुत्र्याची रक्तातली साखर उतरू शकते आणि रिकाम्या पोटी पिवळी पित्ताची उलटी होते. ड्राय फूड आणि कच्चं मांस वेगवेगळ्या वेगाने पचतं म्हणून एकत्र देऊ नये, या समजुतीत तथ्य नाही. बहुतेक कुत्र्यांना एकाच भांड्यात दिलेलं चालतं.

क्रम असा ठेवा. एकच प्राणी, बिनहाडाचं, बिनचरबीचं मांस. पहिले चार दिवस ५२ ग्रॅम ड्राय फूड आणि ५५ ग्रॅम मांस. पुढचे चार दिवस ३५ ग्रॅम आणि ११० ग्रॅम, मग १८ आणि १६०. दर पायरीला पाव भाग वजनाचा नाही, कॅलरीचा बदलायचा, आणि हे बिनचरबीचं मांस १०० ग्रॅमला १२० कॅलरीचंच, म्हणून मांसाचे आकडे मोठे दिसतात. ग्रॅमला ग्रॅम बदललंत तर दुसऱ्याच आठवड्यात ती भुकेने कासावीस होईल. शी सैल झाली तर त्याच पायरीवर दोन-तीन दिवस थांबा, पुढे जाऊ नका. कलेजी तिसऱ्या आठवड्यात २-३ ग्रॅमने सुरू करा. सुरुवातीच्या जुलाबांचं नेहमीचं कारण एकदम दिलेली कलेजी हेच असतं. पाणी कमी प्यायली तर घाबरू नका, मांसातच ७० टक्क्यांवर पाणी आहे.

तिठा

रानवारा यांचं गणित बरोबर आहे. हाडांबद्दल आणि त्या सूत्राबद्दल मी सांगतो.

४ किलोच्या कुत्रीला अख्खी मान देऊ नका. लहान कुत्री न चावता गिळतात आणि तुकडा अन्ननलिकेत अडकतो. लाळ गळणं, सारखं गिळायला बघणं, मान ताणून उभं राहणं, खाल्लं की लगेच बाहेर येणं ही त्याची लक्षणं. पाणी पाजून तुकडा खाली ढकलायला जाऊ नका, सरळ डॉक्टरकडे न्या. मानेचे आणखी दोन तोटे आहेत. तिच्यासोबत थायरॉइड ग्रंथीचा भाग आला आणि रोज खाण्यात राहिला तर रक्तातलं थायरॉइड संप्रेरक वाढतं. दुसरं, मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कच्ची कोंबडी खाणं आणि पाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा एक आजार यांचा संबंध दिसला. त्यात संशय कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूवर आहे. जनावरांच्या पायाची जाड हाडं 'दात साफ होतात' म्हणून दिली जातात, त्यांनी वरची मोठी दाढ उभी चिरते. दातांना ब्रशच हवा.

हाड वगळलं की कॅल्शियम बाहेरून घालायलाच हवं, यात तडजोड नाही. नुसत्या मांसात १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस आणि जेमतेम १० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हवं ते उलट, फॉस्फरसच्या १.२ पट कॅल्शियम. महिनोन्महिने कमी पडलं तर शरीर ते हाडांतून काढतं, आणि रक्ततपासणीत कॅल्शियम नॉर्मलच दिसत राहतं. म्हणून 'रिपोर्ट चांगला आला' यावर विसंबू नका.

अंड्याच्या कवचाची पूड सोपी पडते. कवचं धुऊन, दहा मिनिटं उकळून, वाळवून, कॉफी ग्राइंडरमध्ये पिठासारखी बारीक करा. कणी राहिली तर टोचते. एक ग्रॅम पुडीत ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम. रोज १७० ग्रॅम मांसाला एक ग्रॅम पूड लागते, आणि इथेच लहान कुत्र्याची पंचाईत होते. चमच्याने एवढं नीट मोजता येत नाही, अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर निम्मी चूक. म्हणून आठवड्याचं एकदम करा: मांस आणि अवयव मिळून १२०० ग्रॅम, त्यात कलेजी ६० ग्रॅम, कवचाची पूड ७ ते ८ ग्रॅम. सगळं नीट कालवून १७०-१७० ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. पूड मांस निम्म्यावर आलं की सुरू करा. त्याआधी ड्राय फूडमधलं कॅल्शियम पुरतं.

आता ८०-१०-१०. हा पूर्ण आहार नाही. जस्त, मँगॅनीज, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हमखास कमी पडतात. अमेरिकेतल्या आफ्को या पशुखाद्य-नियामकांच्या संघटनेच्या मानकानुसार १००० कॅलरीला २० मिलिग्रॅम जस्त लागतं, म्हणजे तुमच्या कुत्रीला आठवड्याला ३६. १२०० ग्रॅम कोंबडीच्या छातीच्या मांसातून त्याचा जेमतेम पाव भाग मिळतो. निम्मं लाल मांस घेतलं तर जस्त बरंच भरून निघतं. आठवड्यातून एकदा तेलकट लहान मासा शिजवून घाला. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, ते उष्णतेने मरतं. आयोडीन आणि ई जीवनसत्त्व मात्र अंदाजाने घालायच्या गोष्टी नाहीत. पशुआहारतज्ज्ञाकडून तिच्या वजनाला धरून पाककृती घ्या, किंवा ज्याच्यावर 'प्रौढ कुत्र्यांसाठी पूर्ण आणि संतुलित' लिहिलंय असा तयार आहार घ्या.

माजघर

मूल आहे हे चाफा यांनी शेवटी लिहिलंय, पण ते सगळ्यात आधी यायला हवं. कच्चं मांस खाणारं कुत्रं स्वतः ठणठणीत असूनही शीतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू टाकत राहू शकतं. तोंड, मिशा, मागचे केस, फरशी आणि तिथून मुलाचा हात. फ्रीझरने साल्मोनेला, लिस्टेरिया किंवा ई. कोलाय मरत नाहीत, वाढायचे थांबतात एवढंच.

परजीवींचं तसं नाही. गोठवल्याने त्यांतले बरेच मरतात. शेळ्यामेंढ्यांची कलेजी आणि फुप्फुस यांत हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की आतड्यात फीतकृमी तयार होतो आणि त्याची अंडी माणसाच्या यकृतात गाठी करतात. उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवलेलेच अवयव वापरा, आणि प्राझिक्वांटेल हे फीतकृमीवरचं औषध किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. पोटात गेल्यापासून अंडी पडायला सहा आठवड्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे तीन महिन्यांतून एकदा दिलेलं जंताचं औषध इथे पुरत नाही.

माझं स्पष्ट मत: मूल पाच वर्षांचं होईपर्यंत हेच मिश्रण शिजवून द्या. तिठा यांच्या पाककृतीत हाड नाहीच, मग कच्चंच ठेवून मिळतं काय? कच्चं दिल्याने तब्येतीला अमुक फायदा होतो हे कुणी ठामपणे दाखवलेलं नाही, आणि शिजवल्याने जंतूंचा प्रश्न मात्र सुटतो. मांस आतपर्यंत ७४ अंशांना गेलं पाहिजे. मीठ, कांदा, लसूण नको. सुटलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात बी जीवनसत्त्वं उतरतात. कवचाची पूड आणि पूरकं गार झाल्यावर घाला.

चाफा

शिजवल्यावर वजन घटतं. मग १७० ग्रॅम कच्चं धरायचं की शिजलेलं?

माजघर

कच्चं. १२०० ग्रॅम तोलून शिजवा, रसासकट जे काही वजन भरेल त्याचे सात सारखे भाग करा. एका भागात एका दिवसाच्या कॅलरी आपोआप येतात. दोन दिवसांचे भाग फ्रीजमध्ये, बाकीचे फ्रीझरमध्ये. विरघळवायचे ते फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही. तरीही कच्चंच द्यायचं ठरवलंत तर स्टीलचं भांडं घ्या, वीस मिनिटांत उरलेलं उचलून टाका, आणि तेवढा वेळ मूल दुसऱ्या खोलीत.

रानवारा

शिजवण्याशी सहमत. ड्राय फूडवरून न्यायच्या पायऱ्या शिजवलेल्यालाही त्याच.

शीबद्दल एक राहिलं. पांढरी, खडूसारखी, कुंथून होणारी शी म्हणजे कॅल्शियम जास्त. काळपट आणि सैल म्हणजे बहुधा कलेजी जास्त. डांबरासारखी काळी, चिकट म्हणजे आत रक्तस्राव, त्यात थांबायचं नाही. उलट्या आणि पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर धरून बसणं हे स्वादुपिंडाचं लक्षण असतं, त्याच दिवशी डॉक्टर. पाण्यासारखे जुलाब चार किलोच्या जिवाला एका दिवसात कोरडं पाडतात.

वजन दर आठवड्याला, त्याच वेळी, उपाशीपोटी, किमान ५० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. तिच्यासाठी १०० ग्रॅम म्हणजे अडीच टक्के. सलग दोन आठवडे ३.९ च्या खाली दिसलं तर भाग १० टक्क्यांनी वाढवा, ४.१ च्या वर गेलं तर तेवढाच कमी करा. कमी करताना मांस कमी करा, पूरकं आहेत तेवढीच ठेवा.