जुन्या सफारीला मडफ्लॅप बसवायचेत, बॉडीला भोकं न पाडता जमेल का? (बेळगाव-खानापूर भाग)

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची टाटा सफारी, २.२ लिटरचं डायकॉर डिझेल इंजिन, टायर २३५/७० आर १६. सेकंड हँड घेतलेली. घर खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात, त्यामुळे जांबोटी रस्ता रोजचाच. शिवाय महिन्यातून एकदा चोर्ला घाट उतरून साखळीला सासुरवाडी.

सध्या चारही चाकं उघडी आहेत, मागं चिखल अडवणारे फ्लॅप नाहीत. काही वर्षांपूर्वी एका दुकानात फ्लॅप बसवून घेतले होते. तिथल्या पोरानं विचारलं नाही की सवरलं नाही, सरळ ड्रिल लावून चाकावरच्या प्रत्येक कमानीत तीन-तीन भोकं पाडली आणि पत्र्याचे स्क्रू आवळून मोकळा झाला. दोन पावसाळ्यांत स्क्रूंची डोकी गंजून गेली आणि मागचा डावा फ्लॅप कणकुंबीच्या पुढं कुठंतरी पडला. २०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायची म्हणून आधी गाडी रॅम्पवर चढवली. फिटरनं त्या जुन्या भोकाशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते निम्मं आत गेलं. गंजाचे पापुद्रे मुठीत आले. तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागला. तेव्हापासून माझ्या गाडीजवळ कुणी ड्रिल घेऊन आलं की पोटात गोळा येतो.

तरी फ्लॅप हवेतच. गेल्या आठवड्यात सकाळी पिरनवाडीच्या अलीकडं एका खड्ड्यातून चाक गेलं. आरशात बघितलं तर मागं स्कूटरवर एक गृहस्थ आणि पुढं उभी असलेली शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी, दोघंही छातीपर्यंत तांबडे. थांबून माफी मागितली. ते म्हणाले, “असू दे हो, रस्ताच तसला आहे.” ती मुलगी काहीच बोलली नाही, नुसती फ्रॉककडं बघत राहिली. ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

तर विचारायचं एवढंच: बॉडीला नवीन भोक न पाडता फ्लॅप बसतात का? रबर घ्यावं की प्लास्टिक? जमिनीपासून किती उंच ठेवावेत?

शहापूरकर

‘सगळ्या गाड्यांना बसतो’ म्हणून जो सेट विकतात तो घेऊ नका. त्याला कमानीचं वळण नसतं, मग बसवताना ओढून-ताणून बसवतात आणि तो ताण सगळा स्क्रूवर येतो. कडक प्लास्टिकचे तर अजिबात नकोत. माझा एक फ्लॅप रिव्हर्स घेताना फुटपाथच्या कडेला लागून काडकन तुटला.

उद्यमबाग_फिटर

दादा, बावीस वर्षं गाड्यांच्या खालीच काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फ्लॅप विकत घेऊ नका. आधी चाक काढा, कमानीतलं लायनर (आतलं प्लास्टिकचं आवरण) काढा आणि पाण्याचा प्रेशर मारून आतली माती पूर्ण धुऊन टाका. आपल्याकडची जांभ्याची माती लायनरच्या मागच्या घडीत जाऊन बसते, तिथं पाणी धरून ठेवते आणि बाहेरून काही दिसत नाही. खानापूरकडच्या गाड्यांत मी हाताच्या मुठीएवढा गोळा काढलाय, मे महिन्यातही ओला. त्याच्यावर फ्लॅप लावला तर गंजाला घर बांधून दिल्यासारखं होतं.

धुतल्यावर आत बघा. कंपनीची भोकं आणि बोल्ट बरेच असतात: लायनर धरणारे, बंपरचे ब्रॅकेट धरणारे, पुढच्या बाजूला फूटबोर्डाचे. त्यातले दोन निवडायचे आणि त्यांच्यावर पट्टी घ्यायची. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी ‘एल’मध्ये वाकवून घ्या, उद्यमबागेत कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. फ्लॅप त्या पट्टीला एम-६ च्या बोल्टनं आणि नायलॉनच्या लॉक नटनं धरायचा. दहा नंबरच्या पान्याचं काम आहे. मागच्या चाकांना हे हमखास जमतं, कारण बंपरचा ब्रॅकेट जवळच असतो. म्हणजे बॉडीला एकही भोक नाही.

एक गोष्ट लोक चुकतात. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेतले की गंजाची चिंता मिटली, असं समजतात. स्टेनलेस बोल्ट स्वतः गंजत नाही, पण साध्या लोखंडाला चिकटून ओला राहिला तर त्या लोखंडाला जास्त लवकर गंजवतो. म्हणून मध्ये रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर घालायचाच.

पत्र्याचा स्क्रू का नको, तेही सांगतो. तो आत शिरताना स्वतःचे आटे स्वतः पाडतो, म्हणजे भोकाच्या कडेचा रंग आणि प्रायमर खरवडून काढतो. उघडं लोखंड आणि त्याला लागून ओली माती, वर्षातले चार महिने. तुमच्या गाडीचं जे झालं ते याच्यामुळंच. अगदीच भोक पाडायची वेळ आली तर बोल्टपेक्षा अर्धा मिमी मोठं पाडा, कड घासून गुळगुळीत करा, झिंक प्रायमरचे दोन हात, वर रंग, आणि तो रात्रभर वाळू द्या. घाई करून त्याच तासात बोल्ट आवळला तर प्रायमर सगळा वॉशरला चिकटून येतो. आणि ड्रिल मारायच्या आधी पलीकडं काय आहे ते हात घालून बघा. ब्रेकचा पाइप असतो, सेन्सरची वायर असते.

उंची मोजताना गाडी भरून मोजा. रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नाही. घरची माणसं बसवा, डिकीत तांदळाचं पोतं ठेवा, मागची बाजू दोन-अडीच इंच तरी खाली येईल. तशा अवस्थेत मागचा फ्लॅप जमिनीपासून चार-पाच इंच आणि पुढचा पाच-सहा इंच राहायला हवा. पुढं बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून टायर घासतो का बघा. नुसतं उभ्या गाडीत नको, एक चाक दगडावर चढवूनही बघा.

ऊसपट्टा_निपाणी

आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रेलरला कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टची पट्टी लावतात बगा. दहा वर्षं काय होत नाही त्याला. भंगारात स्वस्तात मिळतंय. तेच लावा की, कशाला खर्च करालाय?

उद्यमबाग_फिटर

ट्रेलरला ठीक आहे हो, तिथं जाड अँगल असतो. गाडीला जड होतंय. हिशोब करून बघा: ३० बाय ४० सेंटीमीटरचा १० मिमी जाड तुकडा दीड किलोच्या आसपास भरतो. रोज खड्ड्यात तो दीड किलो वर-खाली आपटणार आणि धरणार कोण, तर पातळ पत्रा. तेवढाच तुकडा ४ मिमी साध्या रबर शीटचा घेतला तर सहाशे ग्रॅमच्या आसपास. शिवाय बेल्टच्या आत कापडाचे थर असतात. कापलेल्या कडेतून पाणी आत जातं आणि थर सुटत जातात. ट्रेलरवर कुणी बघत नाही म्हणून चालतंय.

रबर शीट किलोवर मिळते. उन्हात चिरा न पडणारं ईपीडीएम मागा, थोडं महाग पडेल.

चंदगडी

माझीपण जुनीच सफारी. फ्लॅप लावल्यावर मागची काच स्वच्छ राहील काय? बेळगावहून चंदगडला येईपर्यंत मागचं काही दिसत नाही.

उद्यमबाग_फिटर

नाही राहणार, खोटं कशाला सांगू. मागून सरळ उभ्या गाडीच्या पाठीमागं हवा विरळ होते आणि धूळ-पाणी उलटं ओढून दाराला, स्टेपनीला, काचेला चिकटवते. फ्लॅपनं चिखलाचे गोळे आणि खडी थांबते, मागच्या माणसाचं रक्षण होतं आणि आपल्या गाडीच्या खालच्या कडा वाचतात. काचेला वायपरच.

हिंडलगा_४बाय४

टायर बदलायचा विचार असेल तर आधी तो बदला, मग फ्लॅप. मी २३५/७० वरून २५५/७० वर गेलो. टायर आडवा २० मिमीनं आणि त्रिज्येत १४ मिमीनं वाढला आणि पुढचा उजवा फ्लॅप पूर्ण वळणावर घासायला लागला. ब्रॅकेट परत वाकवावा लागला.

आणखी एक. रिव्हर्समध्ये फ्लॅप चाक आणि दगडाच्या मध्ये सापडतो तेव्हा काहीतरी जाणारच. म्हणून फ्लॅपच्या रबरात गोल भोक न ठेवता ते वरच्या कडेला उघडं, खाचेसारखं ठेवा. जोर आला की रबर खाचेतून सुटून येतं, पत्रा वाकत नाही. खाली पडलेला फ्लॅप उचलून परत लावता येतो.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी मागची दोन बसवली, त्याचा वृत्तांत.

लायनर काढल्यावर डाव्या कमानीतून पाव घमेलं माती निघाली, आणि त्यात भाताचं एक रोप होतं, मुळासकट. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून वर येतात तेव्हा रस्त्यावर सांडतं, त्यातलंच असणार. वेल्ड केलेला पत्रा ठणठणीत आहे, बघून फार बरं वाटलं.

बंपरच्या ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट कामाला आले. एका बोल्टला आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं लागलं, मग सुटला. फिटरदादांनी सांगितल्यासारखी पट्टी वाकवून आणली, झिंक प्रायमर मारून शनिवारी रात्रभर वाळवली. शीट ४ मिमीची ईपीडीएम. आधी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून कमानीला लावून बघितला, मग खडूनं शीटवर उतरवला. रबर कापताना सुरी अडकत होती. शेजारच्या चांभारकाकांनी सांगितलं, “पातं साबणाच्या पाण्यात बुडवून ओढ.” तसं केल्यावर एका ओढीत सरळ कापलं गेलं. हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहितोय.

घरचे सहा जण आणि पोतं, असं भरून मागं साडेचार इंच ठेवलंय. खाचेची युक्तीही केली. परसात मुद्दाम दगडावर रिव्हर्स घेऊन बघितली, उजवा फ्लॅप सुटून खाली पडला, पट्टी जशीच्या तशी. पाच मिनिटांत परत लावला.

आज सकाळी पाऊस होता. त्याच खड्ड्यातून मुद्दाम हळू गेलो आणि आरशात बघत राहिलो. पाणी उडालं, पण गुडघ्याच्या वर गेलं नाही.

पुढची दोन राहिलीत. फूटबोर्डाच्या बोल्टवर पट्टी घेताना डावीकडं एक वायरचा जुडगा आडवा येतोय. दोन इंच बाहेर घेतली तर चालेल का, की वायरला क्लिप लावून वर बांधू?

उद्यमबाग_फिटर

वायर वर बांधा. पट्टी बाहेर घेतली तर फ्लॅप कमानीच्या बाहेर डोकावेल आणि आपल्या अरुंद रस्त्यावर समोरच्या गाडीला लागेल. बांधताना थोडी ढिली ठेवा, चाक वर-खाली होताना ताणली जायला नको. क्लिपच्या खाली रबराचा एक तुकडा घाला. जमलं नाही तर सकाळी सातनंतर गाडी घेऊन या, आपण बघूया.