मिथाइल ऑरेंजची फिल्म: हिरवा लेझर बंद केला की उजेड का उतरतो?

गोदाकाठ (नांदेड):
एम.एस्सी. फिजिक्सचा प्रोजेक्ट करायलोय. १०० मिली गरम पाण्यात ५ ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) विरघळवली, चिमूटभर मिथाइल ऑरेंज हा रंग टाकला, काचपट्टीवर ओतून दोन दिवस वाळवलं. फिल्म लिमलेटच्या गोळीसारखी देखणी झाली. काटकोनात दोन पोलरॉइड (एकाच दिशेनं कंपणारा उजेड सोडणाऱ्या पट्ट्या, काटकोनात उजेड अडवतात), मधे फिल्म, तपासायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर. बाजूनं ५३२ चा हिरवा मारला की पडद्यावर लाल ठिपका हळूहळू उगवतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा लॅबमध्ये एकटाच ओरडलो. पण हिरवा बंद केला की मिनिटभरात निम्म्याहून जास्त उजेड जातो. सकाळी बरा टिकतो, दुपारी अजिबात नाही. गाईड म्हणतात रंग वाढव. वाढवला तर फिल्मवर खडे धरले. कामून होत असंल?

स्क्रीनवाले काका (लातूर):
तुमचं फिजिक्स मला कळत नाही, पीव्हीए कळते. तीस वर्षं स्क्रीन प्रिंटिंगनं लग्नपत्रिका छापल्या. स्क्रीनच्या जाळीवर लावायच्या जुन्या लेपात, इमल्शनात, तीच असायची, वरून बायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) घालायचो. पॉझिटिव्ह (काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म) ठेवून उजेड दिला की उजेड लागलेली जागा कडक, धुतली तरी निघत नाही. काळ्याखालची वाहून जाते. पावसाळ्यात मात्र स्क्रीन वाळायची नाही आणि एक्सपोज नासायचं. ती पाणी धरते बाबा. बायक्रोमेटच्या नादी तू लागू नको, विषारी असतं. माझ्या बोटांची सालं जायची.

जुना लॅबवाला (संभाजीनगर):
काकांनी अर्धं उत्तर दिलंय. बायक्रोमेट पीव्हीएच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, ते कायमचं. तुझ्या फिल्ममध्ये काहीच बांधलं जात नाही. रंगाचा रेणू उजेडात ट्रान्सचा (सरळ) सिस (वाकलेला) होतो, परत ट्रान्स होतो, आणि दर फेरीला थोडा वळतो. हिरव्या उजेडाच्या कंपनदिशेला आडवा झाला की त्याला उजेड शोषता येत नाही, मग तसाच पडून राहतो. असे आडवे रेणू साठले, त्यांनी लाल उजेडाचं कंपन बदललं, म्हणून तो दुसऱ्या पोलरॉइडमधून निसटला आणि तुझा ठिपका उगवला. हिरवा बंद झाल्यावर त्यांना धरून ठेवतो तो फक्त पीव्हीएचा घट्टपणा. कोरडी असेल तर ती साधारण ८५ अंश सेल्सियसपर्यंत काचेसारखी कडक राहते, पाणी प्यायली की खूप आधीच ढिली पडते. हीच जोडी वापरून बल्गेरियातल्या तोदोरोव आणि निकोलोवांनी १९८४ मध्ये काम केलंय, तेव्हा तुझी निवड चुकलेली नाही.

रंग वाढवू नको. हिरव्यापुढे एक पोलरॉइड लाव, बाकी दोघांशी ४५ अंशांत. त्यांच्यापैकी एकाला समांतर ठेवलास तर ठिपका उगवणारच नाही.

आणि खरं सांग, दुपारी कूलर लावता का?

गोदाकाठ:
सर, कूलर माझ्या टेबलासमोरच आहे. फिल्म रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवली (बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या गोळा केल्या), हिरव्यापुढे पोलरॉइड ४५ अंशांत लावलं, कूलर बंद करून मापलं. तासाभरानंही अर्ध्याहून जास्त उजेड शिल्लक. मी घामानं ओलाचिंब, फिल्म कोरडी. आता केमिस्ट्रीवाले कूलरवरून भांडायलेत.