एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल) चुकीचा लिहिलाय, आर्मी ॲक्टच्या सेक्शन २६ खाली तक्रार करू का? मदत हवी आहे

आर्मीत हवालदार आहे, युनिट विचारू नका. मागचे तीन एसीआर अबव्ह ॲव्हरेज आणि यावेळी एकदम हाय ॲव्हरेज, म्हणजे एक पायरी खाली. सही करताना बघितलं तर 'पुढाकार' आणि 'भरवसा' दोन्हीत मार्क खाली, अन् अख्ख्या वर्षात ना एक वॉर्निंग ना काउन्सेलिंग.

मुद्दा असा की लिहिणारे साहेब नवीन आलेले, मी मध्ये कोर्सला आणि सुट्टीवर, त्यामुळे त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष ७८ दिवसच झाले. माझ्या माहितीप्रमाणे एसीआर लिहायला ९० लागतात. हेड क्लार्क म्हणतो कोर्सचे दिवस धरतात, सुभेदार साहेब म्हणतात नाही धरत, आता कुणाचं खरं मानायचं. मूव्हमेंट ऑर्डर आणि लीव्ह सर्टिफिकेटच्या कॉपी जवळ आहेत. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना इंटरव्ह्यूत तोंडी सांगितलं, "बघू" म्हणाले, त्याला दोन महिने होत आले.

पुढच्या नायब सुभेदार बढतीच्या बोर्डात हाच एसीआर नडणार म्हणून घाई आहे. मीडिया, आरटीआय वगैरे नको, सर्व्हिसमध्ये आहे, आणि आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलला थेट जाता येत नाही, आधी तक्रार करावी लागते, सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर मग दार उघडतं, एवढं माहीत आहे.

ज्यांनी स्वतः एसीआर रद्द करून घेतलाय त्यांनीच सांगा, तक्रारीत फक्त ९० दिवसांचा मुद्दा ठेवू की मार्क अन्यायाने कमी दिलेत हेपण लिहू, दोन्ही लिहिलं तर पहिला मुद्दा ढिला पडतो का?