मुलांचा वाढदिवस आणि परदेशातला प्रवास: तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करते. आम्ही जळगावचे.

यंदाच्या मे महिन्यात लेकीला 5 वर्षं पूर्ण झाली, तेव्हा आम्ही सिंगापुरात होतो. दिरांची तिकडे नोकरी, शाळेला सुट्टी आणि आपल्याकडे पारा 44-45च्या खाली उतरायला तयार नाही, म्हणून निघालो. दिरांचं घर एका खोलीचं, तेव्हा मुक्काम हॉटेलात. मी ताम्हण, निरांजन, सुपारी, कुंकवाची डबी सगळं आठवणीने घेतलं होतं. वाढदिवसाच्या सकाळी लेक नवा फ्रॉक घालून पलंगावर मांडी घालून बसली आणि मी वात भिजवायला घेतली, तेवढ्यात यांचं लक्ष छताकडे गेलं. तिथे धूर लागला की वाजणारं यंत्र. दारामागच्या पाटीवर मेणबत्तीसुद्धा लावू नका असं लिहिलेलं. लेक म्हणाली, "दिवा लाव ना गं." मला भरूनच आलं. घरापासून इतक्या लांब आणून पोरीला साधं ओवाळताही येऊ नये?

दिरांनी सुचवलं म्हणून आम्ही सेरंगून रोडवरच्या श्री वीरमाकाळीअम्मन मंदिरात गेलो. तिथे दिवे लावायला जागा आहे. मी एका बाजूला तिला बसवलं, ताम्हण धरलं, पण गर्दीत हात थरथरत होता. शेजारच्या एका तमिळ मावशींनी न विचारता माझ्या हाताखाली आपला हात धरला. ओवाळून झाल्यावर त्यांनी लेकीच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, अगदी माझी आई मोडते तशी. आमचं एकमेकींशी एक वाक्यही बोलणं झालं नाही.

आणखी एक. सिंगापूरला जाण्याआधी 3 दिवसांत जे अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. आमच्याकडून एकाने त्याचे पैसे घेतले. तुम्ही देऊ नका.

आता तुम्ही सांगा. कुठे काय पाहिलं याच्या याद्या नकोत. पोरं, त्यांचे वाढदिवस, तिकिटं, कागदपत्रं, खाणंपिणं, आजी-आजोबा, जे घडलं ते लिहा.

भुसावळ. एका मुलाचा बाबा

आमचा वाढदिवस तिकिटात अडकला. दुबईला निघालो तेव्हा मुलगा 2 वर्षांना 6 दिवस कमी होता. 2 वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन जाता येतं आणि त्याचं भाडंही अगदी थोडं लागतं, म्हणून ज्याच्याकडून तिकिटं काढली त्याने जाता-येता दोन्ही वेळचं बाळाचंच तिकीट काढलं. मीही जन्मतारीख नीट सांगून निर्धास्त झालो. परतीला काउंटरवर मुलीने पासपोर्ट पाहिला, हसून मुलाला शुभेच्छा दिल्या आणि म्हणाली, याला आता स्वतंत्र सीट लागेल. नियम असा आहे की वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. मधे दुसरा वाढदिवस आला की परतीला पूर्ण सीट. आयत्या वेळी काढलेल्या त्या एका सीटला आमच्या जाण्याच्या दोन तिकिटांपेक्षा जास्त पैसे गेले.

राग मला पैशांचा नाही आला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं त्याचा आला. तिला वाटलं वाढदिवस परदेशात करायचा तिचाच हट्ट नडला. म्हणून लिहितोय, दुसऱ्या कुणाच्या घरात हे होऊ नये.

आणि विमान उतरताना बाळ रडतं ते कानाच्या दड्यांमुळे. त्या वेळी दूध पाजा, काहीतरी गिळत राहिलं की दडे सुटतात. बाळाच्या दुधाला 100 मिलिलिटरची अट लावत नाहीत, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवा.

धुळे. दोन मुलं, सोबत वडील

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण आम्ही त्यात दीड महिना घालवला. धाकटीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं. बाळ जन्मलं की दवाखाना नोंद पाठवतो, बारसं नंतर होतं, आणि नाव घालायला पुन्हा कुणी जात नाही. नुसतं आई-वडिलांचं नाव असलेला दाखला पासपोर्टला चालत नाही. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत गेलात तर शुल्कही नाही. आज बारसं झालं असेल तर उद्याच नगरपालिकेत जा.

लहान मुलांचा पासपोर्ट फार तर 5 वर्षांचा असतो. दोघा आई-बापांची संमती लागते. 8 वर्षांखाली फीमध्ये 10 टक्के सूट आहे. 4 वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच घेऊन जायचा. थोरल्याच्या पासपोर्टची मुदत 4 महिने उरली होती आणि बऱ्याच देशांना 6 महिने लागतात, तेव्हा तोही नव्याने. वडिलांची गोष्ट निराळी आहे, ती शेवटी लिहितो.

अमळनेर. आजी (नातीने लिहून घेतलं)

मुलगा-सून दुबईला असतात. मोठ्या नातवाला 6 वर्षं व्हायची होती. फोनवर विचारलं, "तुले काय जोयजे रे भाऊ?" तर म्हणे, "आजी, मांडे." आता मांडे काय बाजारातून आणायचे? मी जायचं ठरवलं. वय 67, पहिलं विमान.

सुनेने आधीच बजावलं होतं की आपल्या काळ्या मसाल्यात खसखस घालू नका. खसखस अफूच्या बोंडातली, त्यामुळे तिकडे तिला बंदी आहे, चिमूटभर सापडली तरी जीवाला घोर. मी आयुष्यात पहिल्यांदा खसखशीविना मसाला कुटला. मन मानत नव्हतं, पण कुटला. मात्र सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकल्या होत्या, त्या मुंबईला विमानतळावर काढून ठेवायला लावल्या. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं म्हणतात. काढणारा पोरगा भला होता. म्हणाला, "आजी, किसून भाजून मसाल्यात घालून आणायचं होतं."

खापर काही नेता आलं नाही. मातीचं भांडं, एवढ्या लांब टिकणार कसं? मुलाच्या घरातली लोखंडी कढई गॅसवर पालथी घातली. पीठ इथूनच वस्त्रगाळ करून नेलं होतं. आदल्या रात्री हरभऱ्याची डाळ शिजवून पुरण वाटलं. सकाळी कणीक पाणी लावून-लावून इतकी तिंबली की ओढली तर तुटायची नाही. दोन पाऱ्यांत पुरण भरलं, कडा दाबल्या आणि हातावर घेतला. मांडा असा या हातावरून त्या हातावर टाकत, कोपरापर्यंत फिरवत मोठा करायचा असतो, पोळपाट-लाटणं नाही. पहिला फाटला. दुसराही फाटला. तिकडच्या यंत्राच्या थंड हवेत कणीक आखडत होती. सुनेने यंत्र बंद केलं, घरभर उकाडा झाला, आणि तिसरा मांडा रुमालासारखा पातळ होऊन कढईवर बसला. पिवळं पुरण आरपार दिसत होतं.

संध्याकाळी इमारतीतली मुलं आली. केरळची दोन, एक फिलिपाइन्सची, एक लाहोरकडची. केक होताच, सुनेने आणलेला. पण नातू केकजवळ उभा राहिला नाही, माझ्याजवळ उभा राहिला आणि प्रत्येकाला सांगत होता, "माय आजी मेक्स धिस ऑन हर हँड." त्या फिलिपाइन्सच्या पोरीने माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. तिला वाटलं काहीतरी साचा असेल.

मी 11 मांडे केले. रात्री खांदा दुखत होता, सुनेने तेल चोळून दिलं. आमचं दोघींचं फारसं जमत नसे, खरं सांगते. त्या रात्री ती बराच वेळ चोळत बसली, तिच्या माहेरच्या गोष्टी सांगत.

शिरपूर. शिक्षक

परदेश म्हणजे विमानच असं नाही. आमच्या खिशाला नेपाळ परवडला. मुलाला 10 वर्षं होत होती. शिरपूरहून बसने भुसावळ, तिथून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, पुढे बसने सोनौली, आणि सीमा चालत ओलांडली. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्टचीही सक्ती नाही. मोठ्यांचं मतदार ओळखपत्र चालतं, 15 वर्षांखालच्यांचं आधार चाललं. पोरगा कमानीखाली एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभा राहिला. घड्याळ मात्र 15 मिनिटं पुढे करावं लागलं. त्याने ते स्वतःच्या हाताने केलं आणि परत येईपर्यंत भारताची वेळ मनात मोजत राहिला.

वाढदिवशी आम्ही लुंबिनीत होतो. मायादेवीच्या मंदिरात बुद्धाच्या जन्माची जागा दाखवतात, शेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. त्याला वर्गात शिकवलेलं आठवलं. बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बाबा, इथे आज जन्मलेलं कुणी असेल का?" केक मिळाला नाही. जिलबी घेतली आणि तळ्याच्या काठी झाडाखाली बसून खाल्ली.

शहादा. एका मुलीची आई

आमच्या मुलीचा सातवा वाढदिवस हवेतच गेला. नणंदेकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. 2 जुलैला रात्री 8 वाजता विमान सुटलं. त्या वेळी शहाद्यात 3 तारखेची सकाळ होती. मधे एका ठिकाणी विमान बदलून मुंबईला उतरलो तो 4 जुलै, सकाळचे साडेसहा. 3 जुलै तिचा वाढदिवस. कुणाच्या घरी असा तो दिवस तिला मिळालाच नाही. तिकिटं काढताना तारखा पाहिल्या होत्या, वेळेचा फरक धरला नव्हता. विमानातल्या एका ताईने खिरीच्या वाटीवर बिस्किट ठेवून आणून दिलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ती घरी येईपर्यंत एकच विचारत होती, "माझा दिवस कुठे गेला?"

सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढली. म्हणाल्या, "तारीख गेली तर गेली. तुझी तिथी पुढच्या मंगळवारी आहे." त्या मंगळवारी ओवाळलं, वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी केली, गल्लीतली 20 पोरं जेवली. आता ती दोन्ही दिवस मागते, आणि आम्ही देतो.

यावल, सध्या जर्मनी. दोन मुलांचा बाबा

माझं उलट आहे. मुलं परदेशातच वाढतात, त्यांना वाढदिवसाला गावी आणायची धडपड आमची. जर्मनीत शाळेच्या दिवसांत सुट्टी काढून मुलांना नेता येत नाही, दंड होतो. त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांवाचून पर्याय नाही. सुदैवाने थोरल्याचा वाढदिवस डिसेंबरच्या शेवटी, नाताळच्या सुट्टीत येतो, आणि तेव्हा आपल्याकडे भरिताचा हंगाम.

तिकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. माझ्या आईला हे ठाऊक नव्हतं. ती दोन दिवस आधीपासून "आते तू मोठा व्हई गया" म्हणत त्याच्या तोंडावरून हात फिरवायची आणि तो रडवेला होऊन म्हणायचा, "आजी, नाही, अजून नाही!" शेवटी त्याने तिला समजावलं. वाढदिवसाच्या आदल्या रात्री आई घड्याळाकडे बघत जागत बसली. 12 वाजून गेले तशी त्याच्या कानात बोलली.

दुसऱ्या दिवशी शेतात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली. साल करपली की काढायची, बडगीत ठेचायची, वरून कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे. कळण्याची भाकरी. पोराचे हात काळे, नाकही काळं. मी अजून तो फोटो कार्यालयातल्या टेबलावर ठेवतो. तिकडच्या शाळेत वाढदिवस ज्याचा, त्यानेच सगळ्यांसाठी केक न्यायचा असतो. त्या दिवशी हा स्वतः पंगतीत वाढत होता.

धुळे. वडिलांची राहिलेली गोष्ट

वडिलांच्या पासपोर्टवर जन्मतारीख 1 जून. त्यांच्या पिढीत निम्म्या गावाची तीच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. आम्ही मे अखेरीस श्रीलंकेला गेलो. 1 जूनला सकाळी नाश्त्याला हॉटेलवाले छोटा केक आणि मेणबत्ती घेऊन आले, पासपोर्टवरून पाहून. वडील 70 वर्षांचे. आयुष्यात कुणी त्यांचा वाढदिवस केला नव्हता, त्यांनाही तो माहीत नव्हता. सगळं टेबल गाऊ लागलं तसे ते उठून उभेच राहिले, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे, हात बाजूला सरळ.

धाकटीने विचारलं, "बापू, खरा कधी असतो तुमचा?" ते म्हणाले, "माय सांगायची, पोळ्याच्या आदल्या रात्री झाला. बैलांचे खांदे मळून झाले होते, आणि दिवाबत्तीला सुईण आली."

पुढच्या पोळ्याला आम्ही गावी गेलो. आमच्याकडे आता बैल नाहीत, चुलत्यांकडे एक जोडी आहे. रात्री वडील त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. धाकटी गोठ्याच्या दारात ताम्हण घेऊन थांबली होती, वारा लागू नये म्हणून निरांजनाभोवती तळहात धरून.