सल्ला हवा: वनस्पती आणि माणसातलं परिवहन कुठून आणि कसं शिकवू?

रानजाई
भाचीला सध्या जीवशास्त्र शिकवते आहे. जलवाहिन्या (झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या), रसवाहिन्या (पानांतली साखर वाहून नेणाऱ्या), नेफ्रॉन (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या), संप्रेरकं, सगळी नावं तिला पाठ आहेत, आकृत्याही सुबक काढते. पण परवा तिनं विचारलं, "मावशी, झाडात पाणी वर चढतं ते नक्की कोण चढवतं? झाडाला हृदय तर नाही." मूलदाब (मुळांनी खालून दिलेला रेटा), केशाकर्षण (बारीक नळीत पाणी आपोआप चढणं), बाष्पोच्छ्वास (पानांतून वाफ निघून जाणं) असं सगळं सांगून झालं, तिचं समाधान काही होईना. वनस्पती आणि माणूस दोन्ही शिकवायचे आहेत. सुरुवात कुठून करू? घरी जमतील असे प्रयोग कोणते? आणि नियमनाचा भाग यात कसा गुंफू?

मूळरोम
रानजाईताई, भाचीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिथूनच सुरुवात करा. केशाकर्षण आधी बाजूला ठेवा. जलवाहिनीएवढ्या बारीक नळीत त्यानं पाणी फार तर मीटरभर चढेल. वरून शोषून घ्यायचं म्हटलं तरी हवेच्या दाबावर पाणी साधारण १० मीटरपर्यंतच येतं. जगातला सर्वांत उंच रेडवूड वृक्ष तर ११५ मीटरच्या पुढे आहे! मूलदाब खरा आहे, पहाटे काही पानांच्या कडांना दिसणारे थेंब त्याचेच. पण झाडाला पाण्याची खरी गरज असते त्या भर दुपारी तो जवळजवळ नसतोच.

मग उरते पानांची ओढ. पानातून वाफ निघून गेली की तिथल्या पेशीभित्तिकांतलं पाणी कमी होतं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पानापासून मुळापर्यंतचा सलग स्तंभ वर खेचला जातो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी हे १८९४ मध्ये मांडलं. गंमत अशी की ज्या नळ्यांतून हे घडतं त्यांच्या पेशी मेलेल्या, पोकळ असतात. खेचण्याची ऊर्जा सूर्याची. जीवशास्त्रात इतकं देखणं स्पष्टीकरण मला दुसरं सापडलेलं नाही.

प्रयोग हा करा: एकाच झाडाच्या दोन सारख्या फांद्या घ्या. एक कापून थोडा वेळ तशीच ठेवा, मग पाण्यात उभी करा. दुसरीचं टोक, कापल्यावर लगेच, पाण्यात बुडवून तिथेच दोन-तीन सेंटीमीटर पुन्हा कापा. पहिली बहुतेक वेळा लवकर मलूल होते, कारण कापताक्षणी स्तंभ तुटून आत हवा ओढली जाते. आतलं पाणी ताणाखाली होतं, हे मुलीला डोळ्यांनी दिसेल. पांढऱ्या फुलाला रंगीत पाणी पाजायचा प्रयोग सगळेच सुचवतात, पण त्यातून वाट कळते, कारण नाही.

शिरोधमनी
मी मात्र हृदयापासून सुरू करेन. स्वतःची नाडी हाताला लागते, त्यामुळे मुलं लगेच रमतात. इंग्रज वैद्य हार्वेनं १६२८ मध्ये रक्त फिरून परत येतं हे दाखवलं, पण धमनीतून शिरेत ते जातं कसं हे त्याला दिसलं नव्हतं. त्या दोघींना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या इटालियन वैद्य माल्पिगीनं १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.
दोन्ही विषय जोडायला स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा. १७२७ मध्ये त्यानं वनस्पतींतल्या रसावरचे प्रयोग छापले आणि १७३३ मध्ये घोड्याच्या धमनीत नळी घालून रक्तदाब मोजल्याचं प्रसिद्ध केलं. झाड आणि प्राणी, दोन्हींकडे तो एकाच प्रश्नानं पाहत होता: दाब किती?

मूळरोम
हेल्स उत्तम सुचवलात! क्रमाबद्दल मात्र माझं मत तेच. हृदय आधी शिकवलं की मूल झाडातही पंप शोधत बसतं.

वृक्क
नियमनाबद्दल लिहितो, तो भाग घाईनं उरकला जातो. भाचीला एकच सवय लावा: पदार्थ हलताना दिसला की विचारायचं, हे ढकलतंय किंवा ओढतंय कोण, आणि दार कुणाच्या हातात आहे?

पानाचं दार म्हणजे पर्णरंध्र, पानावरचं सूक्ष्म छिद्र. त्याच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरतं, मागोमाग पाणी, पेशी फुगून बाहेर वाकतात, रंध्र उघडतं. पाणी कमी पडलं की ॲब्सिसिक आम्ल हे वनस्पतीचं संप्रेरक वाढतं, पोटॅशियम बाहेर पडतं, दार मिटतं. मिटल्यावर कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे तहान भागवताना झाड उपाशी राहतं. ही ओढाताण तिला नक्की समजावा.

आता मूत्रपिंड. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र होतं दीड लिटरच्या आसपास. बाकीचं परत रक्तात. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एखाद्या टक्क्यानं वाढली तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं, मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून एडीएच हे पाणी राखायला सांगणारं संप्रेरक सुटतं आणि नेफ्रॉनमधला द्रव जिथे जमा होतो त्या संग्राहक नलिकेच्या पेशी आपल्या पटलात ॲक्वापोरिन नावाची पाण्याची दारं आणून बसवतात. ती प्रथिनं शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. वनस्पतींच्या पेशींतही ॲक्वापोरिन असतात, हे सांगायला विसरू नका.

रानजाई
फांदीपासून सुरुवात करते, आणि "दार कुणाच्या हातात" हे वहीच्या पहिल्या पानावर जाणार! मनापासून आभार. रसवाहिन्यांसाठी काही? फांदीभोवतीच्या सालीचं कडं (गोल पट्टी) काढायचा प्रयोग वाचला होता.

मूळरोम
तोच करा. तिथे मात्र ढकलणं असतं. पानाजवळ साखर भरली जाते, मागोमाग पाणी येतं, दाब वाढतो आणि रस कमी दाबाकडे, म्हणजे मुळं, फळं, कोंब यांच्याकडे सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ म्युंचनं १९३० मध्ये हे मांडलं. मावा किडीची सोंड रसवाहिनीत असताना तिचं शरीर कापून टाकलं तरी सोंडेतून रस थेंबाथेंबानं येत राहतो, तो या दाबामुळेच.
कडं काढल्यावर काही आठवड्यांत वरच्या कडेला फुगवटा येतो. फक्त एका बाजूच्या बारीक फांदीवर करा. मुख्य खोडावर पूर्ण कडं काढलं तर मुळांना साखर मिळत नाही आणि झाड मरतं.